नोरीनचा आवाज

आमच्या बोटीचं नाव नोरीन. माझ्या नवऱ्याच्या, वॉरिकच्या, आईचं नावही हेच. म्हातारी बोलायला लागली की नदीच्या दोन वळणांपलीकडे ऐकू जायची आणि बोटीचंही तसंच, म्हणून वॉरिकने हौसेने ते नाव रंगवून घेतलं. सासूबाईंना त्यात मोठा मान वाटला. मी काही बोलले नाही. अशा वेळी सुनेने गप्प राहावं एवढं मला तेव्हाही कळत होतं.

टॉलिस फेरी या आमच्या गावात नोरीन सुरू झाली की आधी कुत्री पलंगाखाली जायची आणि मग माणसं म्हणायची, निघाला वॉझा, म्हणजे आमचा वॉरिक. आठ सिलिंडरचं इंजिन, त्यातून निघून थेट मागे उघडणारे दोन जाडजूड पाइप, मध्ये अडसर म्हणून काही नाही. मागे लांब दोरीला धरून आमची मुलगी टेगन, पाण्यावरून घसरणाऱ्या एकाच स्कीवर उभी, हायवेवरच्या गाडीपेक्षाही वेगात. बोटीत आम्ही दोघं. वॉरिक पुढे तोंड करून, मी त्याच्या शेजारी मागे तोंड करून. मला ऑब्झर्व्हर म्हणतात. टेगनवर नजर ठेवायची आणि तिला काय हवं ते वॉरिकला सांगायचं, एवढंच माझं काम. सांगायचं तेही हाताने. खांद्यावर एक थाप, हळू कर. दोन थापा, वाढव. पंजा मानेवर ठेवला की पडली, वळव. त्या आवाजात साक्षात देव येऊन बोलला असता तरी त्याला थापच मारावी लागली असती.

आमचा संसारही बराचसा असाच झाला, एकाने इकडे बघत आणि दुसऱ्याने तिकडे. तक्रार म्हणून सांगत नाही. बरीच वर्षं मला ते आवडायचंसुद्धा.

जूनमध्ये मी त्याला सांगितलं की नोव्हेंबरची स्कीची शर्यत झाली की मी जाणार. होबार्टला, माझ्या बहिणीकडे, मार्गोकडे. परत न येण्यासाठी. संध्याकाळचं जेवण झालं होतं. तो टेबलाशी बसून पावाच्या तुकड्याने ताटातली ग्रेव्ही पुसत होता आणि मी सिंकपाशी उभी होते. मी आवाज चढवला नाही, ओरडून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. सांगून झाल्यावर नळ बंद केला आणि थांबले. तो काहीच बोलला नाही. उठला, ताट माझ्या हातात दिलं आणि शेडमध्ये निघून गेला.

म्हणजे याला चालतंय, असं मी धरून चालले. इतक्या वर्षांची बायको सोडून जाते म्हणाली, तरी ज्याचा ताट पुसणारा हात थांबत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून? मला राग आला नाही. रडूही आलं नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसं माझं तेव्हा सगळ्याच बाबतीत झालं होतं.

ते सुरू झालं आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात, आमच्याकडच्या वसंतात. माझ्या छातीत गाठ आली होती आणि तिचा तुकडा तपासायला पाठवला होता. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा वॉरिक व्हरांड्यात बसून बूट चढवत होता. मी दारातून म्हटलं, "गाठ साधी आहे. काही निघालं नाही." तो उठला, नदीकडे बघून म्हणाला, "दुपारनंतर वारा सुटेल," आणि पायऱ्या उतरून गेला. मी तशीच दारात उभी राहिले. त्या दिवशी माझ्या आत काहीतरी बंद पडलं, ते पडलंच.

टेगनला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पेनरिथला राहते, शनिवारी-रविवारी सरावाला येते. तिला यंदा शर्यत मारायची होती. मागच्या वेळी थोडक्यात हुकली होती आणि ते तिच्या जिवाला लागलं होतं. तिच्यासाठी मी नोव्हेंबरपर्यंत थांबले होते.

आणि ऑगस्टमध्ये बोटींच्या आवाजाबद्दल नवा नियम आला. नदीकाठी घरं घेऊन राहायला आलेल्या सिडनीकरांनी तक्रारी करून करून आणवला, असं आमच्या स्की क्लबात सगळे म्हणत. वरच्या वळणावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे, त्यांना तर शिव्यांची लाखोली वाहिली जायची. मला विचाराल तर त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं? रविवारी सकाळी नोरीन ऐकत अंडं कोणाला गोड लागेल? पण क्लबात हे बोलायची सोय नव्हती. नियम साधा होता. काठावर मीटर ठेवणार, त्याच्यासमोरून बोटीने पूर्ण वेगात जायचं, आणि आकडा मर्यादेवर गेला तर ती बोट नदीत उतरवायची नाही. मग शर्यतीचं तर नावच नको.

क्लबातली मंडळी उखडली. बोटीचा पाइप अडवणं म्हणजे धावत्या माणसाचं नाक दाबणं, अशी इथली श्रद्धा. जितका आवाज मोठा तितकी बोट जोरात, हे इथं पोरं पाळण्यात शिकतात. डूली हा वॉरिकचा शाळेपासूनचा मित्र आणि शर्यतीच्या सुरक्षेचा प्रमुख. तो बिअरचा ग्लास आपटून म्हणाला, "उद्या म्हणतील पाणीसुद्धा उडवू नका, आमच्या काचा ओल्या होतात."

"आणि पोहताना हात हळू मारा," दुसरा कोणी म्हणाला, "माशांची झोपमोड होते."

सगळे हसले, वॉरिकही हसला. तिथे तो नेहमी हसायचा. जगाला हसू देतो, मला नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलं. तेही शांतपणे, दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याबद्दल यावं तसं.

कुरकुर करण्यात त्याने वेळ घालवला नाही, हे मात्र खरं. दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. पोलादी पत्रा वाकवून त्याने दोन लांबट डबे केले. आत भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती आडव्या चकत्या, म्हणजे आवाजाने आत ठेचकाळत ठेचकाळत बाहेर यावं. मी चहाचा मग नेऊन बाकावर ठेवायची आणि जुना रिकामा मग उचलून आणायची. तो मास्कमागून मान हलवायचा.

पहिल्या चाचणीला मीटर घेऊन आलेल्या मुलीचं नाव थुई. जलवाहतूक खात्याची टोपी, नाकावर उन्हाचं पांढरं मलम, वागायला अगदी नम्र. वॉरिक एकटाच बोट घेऊन गेला. मागे स्कीवर कोणी नसलं की ऑब्झर्व्हर लागत नाही, म्हणून मी जेट्टीवर होते. वळणावरून नोरीन आली आणि पलीकडच्या झाडांतले काकाकुवे किंचाळत उठले. आवाज पूर्वीपेक्षा तसूभर कमी असेल तर असेल. वॉरिकने बोट जेट्टीला लावली, इंजिन बंद केलं आणि खुशीत म्हणाला, "बघितलंत? मांजर झालीय मांजर."

थुईने मीटरकडे बघितलं. मग मान खालीच ठेवून आकडा लिहिता लिहिता म्हणाली, "सर, चेष्टा करताय का माझी?"

"मेहनत घेतलीय हो," वॉरिक म्हणाला.

जेट्टीवर असा काही हशा पिकला की डूलीला खांबाला धरावं लागलं. थुईचे कान लाल झाले. तिने नापासचा शिक्का मारला आणि पुन्हा एकच संधी मिळेल असं सांगून गेली. वॉझाने खात्याच्या बाईची कशी फिरकी घेतली, ही गोष्ट क्लबात बरेच दिवस चालली. घरी येताना मी त्याला म्हटलं, "पोरीची उगाच चेष्टा केलीस." तो समोर रस्त्याकडे बघत राहिला.

त्यानंतर त्याने पाण्याचा उपाय काढला. पाइपाला वळण देऊन त्यात नदीच्या पाण्याचा फवारा सोडायचा. तापलेल्या धुरात पाणी पडलं की आवाज विझतो. पण पाणी जास्त झालं आणि उलटं इंजिनात शिरलं तर इंजिन संपलं. म्हणून फवारा थोडा थोडा वाढवत जायचं, बेताने. एका संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू जेट्टीवर उभी राहशील का? मी समोरून जातो. आवाज कमी झाला की हात वर कर, वाढला की खाली."

"का, तुला ऐकू येत नाही?" मी टोमणा मारला.

तो क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "आवाज मागे जातो," मग म्हणाला. "बोटीत बसून काय कळणार?"

खरंच होतं ते. मग रोज शाळेच्या कँटीनमधलं काम आटोपलं की मी जेट्टीवर जाऊन उभी राहायची. डास चावायचे. तो समोरून जायचा, मी हात दाखवायची, तो वळणावर थांबून वाकून काहीतरी फिरवायचा आणि परत यायचा. त्या संध्याकाळी आमचं जेवढं बोलणं झालं तेवढं वर्षभरात झालं नव्हतं, आणि त्यात शब्द एकही नव्हता. पहिल्यांदा कोपरापर्यंत वर गेलेला माझा हात हळूहळू खांद्यापर्यंत, मग डोक्यापर्यंत गेला. एकदा नोरीन समोरून गेली आणि मला चक्क पाणी ऐकू आलं. बोटीच्या तळाखाली चपाचप आपटणारं पाणी. लग्नाआधीपासून मी त्या बोटीत बसतेय, तिच्याखालचं पाणी कधी ऐकलं नव्हतं. मी हात पूर्ण वर केला आणि खाली घ्यायला विसरले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, पण व्हायला हवा होता हे जाणवलं, आणि तेवढंही मला बऱ्याच दिवसांनी जाणवलं होतं.

दुसऱ्या चाचणीला ऑक्टोबरमधल्या शनिवारी सगळा क्लब लोटला. कोणीतरी शेगडी आणून सॉसेज भाजायला घेतले. टेगन आली होती, काळजीने नखं खात होती. "नापास झालो तर?" ती मला म्हणाली. "आई, मग आपण काय करायचं?"

"मग तू लग्न करून सुखी हो," डूली मध्येच म्हणाला.

"तुमच्याकडे बघून तर तेही नको वाटतं, डूलीकाका."

नोरीन आली आणि समोरून गेली. काकाकुवे झाडावरच बसून राहिले. थुईने मीटर बघितलं, खात्री करायला पुन्हा बघितलं, आणि पहिल्यांदा दात दाखवून हसली. वॉरिकने बोट चढवायच्या उताराजवळ आणली तेव्हा तिने स्वतः वाकून बोटीवर परवान्याचं स्टिकर लावलं आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "सर, आता खरंच मांजर झाली." वॉरिक हसला. टाळ्या पडल्या. बोटीतूनच त्याने सगळ्यांशी हात मिळवले. कोणी पाठीवर थोपटलं, कोणी पावात गुंडाळलेला सॉसेज हातात दिला. इंजिन चालूच होतं. पाइपातून गुळण्या केल्यासारखं पाणी पडत होतं, तेवढाच काय तो आवाज.

मग बोट ट्रेलरवर चढवायची म्हणून तो बसला आणि आमच्याकडे बघत, हसत, त्याने किल्ली फिरवली.

चालू इंजिनाला स्टार्टर मारला की जो आवाज होतो तो ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही ऐकला त्याने लोखंडाचे दात कराकरा खाल्ले जाताना मनात आणावेत. सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. घाईत होतं असं कधी कधी, कोणाच्याही हातून. पण वॉरिकने किल्ली सोडली, जरा थांबला आणि पुन्हा फिरवली. पुन्हा तोच आवाज. तो हसतच होता. तिसऱ्यांदा फिरवताना त्याने कपाळाला आठी घातली, बॅटरी उतरलेल्या माणसासारखी.

"वॉझा," डूली म्हणाला, "चालू आहे." मग मोठ्याने, "अरे चालू आहे ती."

"बाबा," टेगन पाण्यात शिरून ओरडली, "सोडा किल्ली."

त्याने आमचे चेहरे बघितले. एकेक करून बघितले. मग किल्लीवरचा हात काढला आणि तळवा इंजिनाच्या झाकणावर सपाट ठेवला. तिथेच ठेवून राहिला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग त्याने इंजिन बंद केलं.

हसायला लागलेल्यांनी माना वळवल्या. कोणीतरी सॉसेज करपताहेत म्हणालं आणि सगळ्यांना एकदम शेगडीकडे काम निघालं. डूली माझ्याजवळ आला.

"कधीपासून, रेलीन?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चोरलंय. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. "कान तपासून घेतल्याशिवाय मला त्याला शर्यतीत बसवता येणार नाही. पोरगी असते मागे दोरीला. मी सांगू, की तू सांगतेस?"

"मी सांगते," मी म्हणाले.

शेजारी झोपणाऱ्या बाईला नवरा बहिरा झालेला कळू नये, हे कोणाला खरं वाटणार? मलाही वाटलं नसतं. पण वॉरिक मुळातच कमी बोलणारा. समोर उभं राहून विचारलं तर तोंडाकडे बघून नीट उत्तर द्यायचा. पाठीमागून बोललं तर उत्तर यायचं नाही, आणि नवऱ्यांकडून पाठीमागून उत्तर येत नाही यात आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बाईला काही विशेष वाटलं नसतं. त्यातून आमचं निम्मं आयुष्य नोरीनमध्ये. तिथे तर सगळेच बहिरे. तो आवाज होता तोवर त्याच्या आडोशाला वॉरिकचं बरं चाललं होतं.

घरी जाताना गाडी तोच चालवत होता, मागे ट्रेलरवर नोरीन. मी माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "तुझ्या दाढीला सॉस लागलाय." काही नाही. थोड्या वेळाने म्हटलं, "वॉरिक, गाडी पेटलीय." तो निवांत गाडी हाकत राहिला. संत्र्यांच्या बागा मागे गेल्या.

वारा सुटेल म्हणाला होता तो. म्हणजे गाठीचं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि जूनमधलंही नाही. मी सांगितलं आणि त्याने ताट आणून दिलं, कारण त्याच्या दृष्टीने मी भांडी घासत होते. मी ज्या गप्पपणाला उत्तर समजून मार्गोकडची खोली पक्की केली, तिथल्या पडद्यांचा रंगही ठरवला, ते उत्तर नव्हतंच. म्हणजे मी अजून काही सांगितलंच नव्हतं. हा माणूस पुढच्या वर्षीच्या स्कीच्या दोऱ्या निवडत होता. इतके महिने काही वाटत नव्हतं आणि आता वाटलं ते हे, भीती. त्याला सगळं पुन्हा सांगावं लागणार होतं, तोंडासमोर, आणि या वेळी तो ऐकणार होता.

घरी पोचल्यावर तो सरळ शेडमध्ये गेला आणि डब्यांतलं पाणी काढायला बसला. मी कपडे बदलले, किटली ठेवली, बंद केली, आणि गेले. शेडमध्ये ट्यूब लावलेली होती. मी फिरून त्याच्यासमोर आले आणि उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले.

"वॉरिक, तुला ऐकू येत नाही."

"येतं," तो म्हणाला. मग हातातला पाना खाली ठेवला. "थोडं यायचं."

"काय यायचं?"

"नोरीन यायची." त्याने बोटीकडे बघितलं. "तेवढीच यायची शेवटी शेवटी. छातीत यायची, पण यायची."

ती मांजर त्याने स्वतःच्या हाताने केली होती, संध्याकाळमागून संध्याकाळ, माझा हात वर जाताना बघत. मी विचारलं, "मग कशाला केलंस?"

"टेगनला शर्यत हवीय ना."

मी डूलीचं सांगितलं. कान तपासल्याशिवाय नाही. त्याने मान हलवली, जणू बोट कोणी चालवायची हे त्याने गाडीतच ठरवून टाकलं होतं. "डूलीच चालवू दे," म्हणाला. "हात बरा आहे त्याचा. वळणावर जरा घाबरतो." मग त्याने चिंधीने बोटं पुसली. "रेलीन, ती गाठ," तो म्हणाला. "तिचं काय झालं?"

"साधी निघाली. मागच्या वर्षीच सांगितलं होतं. दारातून."

"मी बूट घालत होतो," तो म्हणाला. म्हणजे त्याला दिवस आठवत होता. "तू काहीतरी बोललीस एवढं कळलं. वर बघितलं तोवर तुझं तोंड मिटलेलं. चेहऱ्यावरून बरं की वाईट ते कळेना. म्हणून वाऱ्याचं बोललो."

"आणि वर्षभर विचारलं नाहीस?"

"परत हॉस्पिटलात गेली नाहीस. म्हटलं, बरी असशील." त्याने डोळे मिटले, उघडले. "रोज बघायचो जातेस का."

धरून चालण्यात आम्ही दोघं सारखेच निघालो. मला त्याची कणव आली, खरी कणव, आणि थोडी लाजही वाटली. पण जे सांगायला आले होते ते अजून राहिलंच होतं. आज नाही सांगितलं तर कधीच नाही, हेही मला कळत होतं.

"जूनमध्ये मी आणखी एक सांगितलं होतं," मी म्हणाले. "तेही तुला..."

"ते कळलं होतं," वॉरिक म्हणाला.



"माझी पाठ होती तुझ्याकडे," मी म्हटलं.

"बाहेर अंधार होता," तो म्हणाला. "सिंकच्या वरच्या खिडकीच्या काचेत तोंड दिसत होतं तुझं. होबार्ट. मार्गो. शर्यत झाली की. परत नाही."

शब्द माझेच होते, ओळीने तसेच. "मग बोलला का नाहीस?" मी म्हटलं. "एक शब्द. काहीही."

"काचेत उलटं दिसतं," तो म्हणाला. "समोरून वाचायची सवय आहे मला, काचेतलं कधी वाचलं नव्हतं. वाटलं, चुकलो असेन. भलतंच वाचलं असेल." त्याने कानाला बोट लावलं. "आणि तुला विचारायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं. हे सांगितलं की बोट गेली, टेगनची शर्यत गेली, तूही जाशील असं वाटलं. म्हटलं, नाही विचारलं तर अर्धी अर्धी आशा आहे."

जूनपासून हा माणूस त्या अर्ध्या आशेवर जगत होता, ऑगस्टपासून डबे वेल्ड करत होता आणि मी त्याचे मग उचलून नेत होते.

"मी चुकीचं वाचलं होतं का?" त्याने विचारलं.

किती सोपं होतं. हो, चुकीचं वाचलंस, एवढं म्हटलं की झालं असतं. त्याने विश्वास ठेवला असता, ठेवायला तयारच बसला होता. मार्गोला मी उद्या फोन करून काहीही सांगू शकले असते. मी स्वतःच्या आत बघितलं, खरंच बघितलं, प्रामाणिकपणे. त्याने मला टाकलं नव्हतं, हे आता मला माहीत होतं. त्या दारात मी उगाच बंद पडले होते, हेही. पण कारण खोटं निघालं म्हणून बंद पडलेलं चालू होत नाही. मी वाट बघितली. कणव होती. बाकी जागा रिकामीच होती.

मी क्रेट जरा पुढे सरकवलं, ट्यूबचा उजेड तोंडावर येईल असं.

"बरोबर वाचलं होतंस," मी म्हणाले.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला, मी आणखी काही बोलेन म्हणून.